डबेकाकांची यादी

नवं काम आलं की पहिल्या दिवशी कुणीही कीबोर्डला हात लावायचा नाही, हा डबेकाकांचा नियम होता. आमचे मालकसुद्धा त्यापुढे काही बोलत नसत. आम्हा सगळ्यांना टेबलाभोवती बसवायचं, मधे एक कोरा कागद ठेवायचा आणि खर्जातल्या आवाजात विचारायचं, "डबा कुठला?" म्हणजे या कामात जी माहिती साठवायची आहे ती लिस्टमध्ये ठेवायची, मॅपमध्ये, सेटमध्ये की आणखी कशात. बाकीच्या ऑफिसांत हा निर्णय पाच मिनिटांत होतो. बऱ्याचदा तो होतही नाही, ज्याच्या हाताला जे लागेल ते तो वापरून मोकळा होतो. काकांना मात्र त्यासाठी अख्खा दिवस लागायचा. "आत काय घालणार ते कुणीबी सांगतंय," ते म्हणत. "भाईर काढणार कसं, त्ये सांगा. डबा काढताना कळतोय, भरताना न्हाई."

सांगलीत माधवनगरच्या रस्त्याला, पूर्वी जिथे मागावरच्या कापडाचे गठ्ठे ठेवत त्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर आमचं सहा माणसांचं ऑफिस होतं. काका सतरा वर्षं फौजेत, संदेशवहन सांभाळणाऱ्या सिग्नल तुकडीत होते. तिथेच ते प्रोग्रॅमिंग शिकले आणि हवालदार म्हणून निवृत्त होऊन इकडे आले. आडनाव माने, पण मी रुजू होईपर्यंत त्यांचं डबेकाका होऊन गेलं होतं. मी साताऱ्याहून नवी डिग्री आणि तिच्यासोबत मिळणारा सगळा ताठा घेऊन तिथे दाखल झाले. काका जाऊन आता दीड वर्ष झालं. तरी अजून नवी फाइल उघडली की पाठीमागे कुणी तरी उभं आहे असं वाटतं आणि मी मान वळवते. मागे अर्थातच कुणी नसतं.

शिकवायची त्यांची तऱ्हा स्वयंपाकघरातली होती. स्टॅक म्हणजे ताटांची चळत, शेवटी ठेवलेलं ताट आधी निघणार. सेट म्हणजे हळदीकुंकू, एकीची ओटी दोनदा भरायची नाही. हे सगळं ते इतक्या गंभीरपणे सांगत की हसायची चोरी. मॅपचं उदाहरण मात्र त्यांनी कधीच दिलं नाही. मॅप हा सगळ्यांचा लाडका डबा. ज्या नावावरून वस्तू शोधायची ती तिची किल्ली, किल्ली सांगितली की वस्तू क्षणात हातात. अडचण एवढीच, की एका किल्लीला एकच जागा. तीच किल्ली घेऊन दुसरं कुणी आलं की पहिलं निघून जातं, आणि यंत्र याबद्दल चकार शब्द काढत नाही. कागदावर मॅपची पाळी आली की काका चष्मा काढून पुसायला घेत आणि पुसता पुसता विचारत, "किल्ली काय?" उत्तर कितीही बरोबर असलं तरी त्यांचं समाधान झालेलं मी पाहिलं नाही.

माझी पहिली खरडपट्टी लोणंदच्या कामावरून निघाली. तिथल्या एका अडत्याला कांद्याच्या गाड्यांचे नंबर लावून देणारा छोटा प्रोग्रॅम हवा होता. मी घाईघाईत डबा उलटा, ताटांच्या चळतीचा निवडला, त्यामुळे शेवटी आलेली गाडी आधी आत जाऊ लागली. चूक ऑफिसातच सापडली, पण काका ती तिथल्या तिथे दुरुस्त करू देईनात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला एसटीने लोणंदला नेलं आणि बाजाराच्या दारात उभं केलं, दुपारपर्यंत. धूळ, कांद्याचा वास, ड्रायव्हरांच्या शिव्या. दुपारी वडापाव खाताना त्यांनी विचारलं, "आता ह्यातल्या शेवटच्या गाडीला पयला नंबर दिऊन बघतीस का? मी लांब जाऊन हुबा ऱ्हातो." त्यांच्या मिशीत हसू होतं. मी रागाने लाल झाले होते, पण रांगेचा डबा कधी चुकवायचा नाही हे त्या दिवशी जे डोक्यात बसलं ते बसलं.

दुसरा प्रसंग मला आठवायलाच नको वाटतो. मलकापूरच्या एका मंगल कार्यालयासाठी आम्ही पाहुण्यांची यादी करत होतो. मी सेट वापरला, कारण एकाच पाहुण्याला दोन पत्रिका जायला नकोत. काकांना दाखवताना मी मोठ्या ऐटीत एक नाव दोनदा घातलं. दुसऱ्या वेळी यंत्राने ते घेतलंच नाही. "बघा काका, डुप्लिकेट गेला," मी म्हणाले. काकांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "गेला कशावरनं? त्यो दुसरा माणूस आसंल तर?" मी म्हटलं, पूर्ण नाव आहे काका, नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळं तेच. त्यावर ते उठले आणि गच्चीत जाऊन उभे राहिले. दुपारचा जेवणाचा डबासुद्धा त्यांनी उघडला नाही. मला वाटलं, म्हाताऱ्याला बाईमाणसाचं शहाणपण सोसवत नाही. असं वाटल्याची मला आज लाज वाटते.

मग होड्यांचं काम आलं. कृष्णाकाठच्या पाचसहा गावांना मिळून पुराच्या वेळी वापरायची यादी हवी होती. गावात कोण अडकलंय, कोण बाहेर आलं, कोण राहिलं, हे होडीवाल्याच्या मोबाईलवर दिसावं. मालकांनी काम सांगितलं तेव्हा काकांनी कोरा कागद पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं आणि ते जिना उतरून निघून गेले. तीन दिवस आले नाहीत. मालक मला म्हणाले, "तूच कर. त्यांना विचारू नकोस." का, ते त्यांनी सांगितलं नाही. मला मनातून आनंदच झाला. एका दिवसात मी सगळा आराखडा केला, मॅप घेतला आणि किल्ली म्हणून मोबाईल नंबर ठेवला.

चौथ्या दिवशी सकाळी मी ऑफिस उघडलं तर काका जिन्यात बसलेले. दाढी वाढलेली. वर येऊन त्यांनी माझा कागद वाचला आणि म्हणाले, "बस पोरी. ही यादी मी एकदा केल्याली हाय."

त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते. त्यांचे शब्द सगळे लिहिणं मला जमणार नाही.

काकांचं गाव नदीकाठचं. त्यांच्या पणज्याचं नाव विठ्ठल. आपल्याकडे आजोबाचं नाव नातवाला ठेवतात, तसं ते पणज्याच्या दोन मुलांनी आपापल्या मुलाला ठेवलं. त्यामुळे भावकीत दोन चुलतभाऊ विठ्ठल झाले. दोघांची लग्नं झाली आणि लग्नात नवरीचं नाव बदलायची रीत. विठ्ठलाच्या बायकोचं नाव दुसरं काय ठेवणार? समोरासमोरच्या दोन घरांत दोन रुक्मिणी विठ्ठल माने नांदू लागल्या. गावाला याची कधी अडचण झाली नाही. एक थोरली रखमा, एक धाकटी रखमा. थोरली ही काकांची आई. धाकटीची मुलं परगावी, नवरा वारलेला, ती एकटीच राहायची. काका लहानपणी आईशी भांडले की धाकटीच्या चुलीपाशी जाऊन जेवायचे.

मी येण्याच्या आधी जो मोठा पूर आला त्यात गाव वेढलं गेलं. रस्ते बंद, काका सांगलीत अडकलेले. पण फोन चालू होते. काकांनी ऑफिसात बसून एका दुपारी यादीचा प्रोग्रॅम लिहिला. होडीवाले विचारणार ते नावाने, म्हणून मॅप घेतला, आणि किल्ली ठेवली पूर्ण नाव. गावातून एकेकाचा फोन येई, काका नाव कागदावर लिहीत आणि यंत्रात घालत. फौजी शिस्तीने प्रत्येकाला बजावत, पूर्ण नाव सांगा. धाकटीने स्वतः फोन केला. "रुक्मिणी विठ्ठल माने. लिवलंस का रं बाबा? माडीवर हाय मी." काका म्हणाले, लिवलं काकी. तासाभराने आईचा फोन आला, वरच्या आळीतल्या एका माडीवरून, ती तिथे आसऱ्याला गेली होती. तिला ते एरवी आये म्हणायचे. यंत्रापुढे बसल्यावर त्यांनी बोटांनी तिचं पूर्ण नाव टाइप केलं. त्याच क्षणी धाकटी यादीतून गेली.

दुसऱ्या दिवशी होडीतून आई बाहेर आली. बबन नावाड्याने मोबाईलवर नावासमोर खूण केली. संध्याकाळपर्यंत यादी संपली, होड्या पुढच्या गावाला गेल्या. ज्यांनी धाकटीला कालपासून पाहिलं नव्हतं त्यांना वाटलं ती दुसऱ्या होडीतून गेली असेल. यादीत कुणी उरलं नव्हतं, मग शंका कोण काढणार? पाणी उतरल्यावर तिच्या माडीची भिंत खचलेली दिसली.

"मोजणी केली व्हती मी," काका म्हणाले. "कागदावर एक माणूस जास्त, यंत्रात एक कमी. मला वाटलं, फोनच्या गडबडीत मीच कागदावर एक नाव दोनदा लिवलं. दोनदाच व्हतं की त्ये. मी खोडलं. माझ्या ह्या हातानं खोडलं." मग ते पुन्हा म्हणाले, "तिला वाटत व्हतं, नाव लिवलंय. म्हणून तिनं हाका मारल्या न्हाईत. बबन्याची होडी दोनदा तिच्या गल्लीच्या तोंडावरनं गेली. हाक मारली आसती तर ऐकू आली आसती."

खाली रस्त्यावरून शाळेची पोरं ओरडत चालली होती आणि मला मलकापूरच्या यादीचं आठवत होतं, ते माझं ऐटीतलं "डुप्लिकेट गेला".

काकांनी डोळे पुसले आणि कागद पुढे ओढला. "डबा ठरवू," म्हणाले. त्या दिवशी आम्ही दुसरं काही केलं नाही. मोबाईल नंबरची किल्ली त्यांनी लगेच खोडली, कारण गावात एका घरात एक मोबाईल असतो आणि माणसं पाच. मी म्हटलं, प्रत्येकाला वेगळा क्रमांक देऊ. "देऊ," ते म्हणाले, "पर माडीवरनं माणूस नाव सांगतंय. त्येला त्येचा नंबर कोण सांगणार?" सेटचं नाव मी तोंडातूनही काढलं नाही. शेवटी उरली साधी लिस्ट. जसं सांगितलं तसं एकाखाली एक लिहायचं, तेच नाव पुन्हा आलं तर पुन्हा लिहायचं, कुणी कुणाला बाहेर काढायचं नाही. आणि नावापुढे एक रकाना जास्तीचा: गाव काय म्हणतं. गावात पूर्ण नावाने कुणी कुणाला हाक मारत नाही. यंत्राला सांगायचं म्हटलं की मात्र माणसं रेशनकार्डावरचं नाव सांगतात आणि ज्या नावाने सगळं गाव ओळखतं ते गिळून टाकतात.

मला राहवलं नाही. शिकलेलं डोकं गप्प बसत नाही. मी म्हणाले, "पण काका, साध्या लिस्टमध्ये एखादं नाव शोधायचं तर वरपासून खालपर्यंत सगळी वाचावी लागते. मॅपपेक्षा वेळ लागेल."

"किती?"

"म्हणजे?"

"एका गावाची माणसं. यंत्राला वाचायला किती वेळ लागंल?"

मी हिशोब केला. डोळ्याची पापणी लवायला जेवढा वेळ लागतो त्याच्या शंभराव्या भागाइतकासुद्धा नाही. हे मी त्यांना सांगितलं.

"तेवढाच वाचवला म्या तवा," काका म्हणाले.

ते वाक्य मी गेली कित्येक वर्षं सोबत घेऊन फिरते आहे. हुशारीने वेळ वाचवणारं काही लिहायला बसले की ते कानाशी येतं. काका रागावले असते, रडले असते, तरी मला इतकं लागलं नसतं. ते फक्त पेनाचं टोपण काढत-लावत बसले होते.

काम झालं. नावं भरायला मी गावोगाव गेले. काकांच्या गावात त्यांच्या आईने मला ज्वारीची भाकरी आणि झुणका वाढला. सरळ पाठीची, फटकळ म्हातारी. पुरानंतर तिला रुक्मिणी या नावाने हाक मारलेली चालत नसे. पोस्टमनने मारली तरी ती ओ देत नसे, असं शेजारणीने मला हळूच सांगितलं. मी तिला नाव विचारलंच नाही. काका म्हणाले, "आमच्या गल्लीतली मी घालतो, तू पुढची घे." मी पुढच्या गल्लीत गेले. त्यांनी काय घातलं ते तेव्हा तपासलं नाही.

पुढच्याच वर्षी धरणातून पाणी सोडलं आणि नदी पुन्हा गावात शिरली. मागच्याइतकी नाही, पण खालच्या गल्ल्या बुडाल्या. या वेळी काका गावातच होते, आणि पहिल्यांदाच यादी चालणार म्हणून मालकांनी मलाही पाठवलं. उंचावरच्या शाळेच्या ओसरीत मी लॅपटॉप घेऊन बसले. काका पाण्याच्या काठावर मोबाईल घेऊन उभे. सकाळी यादी उघडली तेव्हाच माझ्या लक्षात आलं. एकाखाली एक दोन ओळी होत्या. रुक्मिणी विठ्ठल माने, गाव म्हणतं थोरली. रुक्मिणी विठ्ठल माने, गाव म्हणतं धाकटी.

मी काकांना विचारायला उठणार तेवढ्यात पहिली होडी आली आणि मग उसंत मिळाली नाही. माणसं येत होती, कोंबड्या, शेळ्या, ट्रंका येत होत्या, नावांसमोर एकेक करून खुणा लागत होत्या. थोरली दुसऱ्या होडीतून आली आणि ओसरीच्या कडेला घोंगडं पांघरून बसली. दुपारी चारच्या सुमाराला बबनने होडी दगडाला बांधली.

"झाली काका समदी. मी सोता घरं बघून आलोय."

काकांनी मोबाईल त्याच्यापुढे धरला. "एक ऱ्हायलंय."

बबनने वाचलं. मघापर्यंत सगळ्यांची टवाळी करणाऱ्या त्याने नजर वळवली. आजूबाजूच्या माणसांनी मोबाईलकडे पाहिलंही नाही, यादीत कोण उरलं असेल हे न वाचताच त्यांना कळलं. आणि मी, जिला या सगळ्यात बोलायचा काडीचा अधिकार नव्हता, ती ओसरी उतरून खाली गेले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "काका, त्या नाहीयेत आता. चुकीचं नाव आहे. मी काढून टाकते."

मला संताप आला होता, हे खरं सांगते. एवढा जीव तोडून यादी नेटकी केली आणि त्यांनीच तीत खोटं नाव घातलं असं मला वाटलं. काका माझ्यावर ओरडले नाहीत. त्यांनी मोबाईल छातीशी धरला. "तवा काढलं ना पोरी मी," ते म्हणाले. "पुन्यांदा कसं काढू?"

त्या दिवसापासून माझं ते वाक्य माझ्या मागे लागलंय. त्या नाहीयेत आता. चुकीचं नाव आहे. भर दुपारी, कामात असताना, मला माझाच आवाज ऐकू येतो.

कुणीच हलेना. मग बबन वाकला आणि दगडाची दोरी सोडू लागला. "चला काका," तो म्हणाला. "जाऊन येऊ." जणू रोजचीच फेरी. काका होडीत चढले. मला काय वाटलं कुणास ठाऊक, मीही चढले. बबनने इंजिन चालू केलं. देवळाच्या पारावरून, बुडालेल्या गोठ्यांवरून, विजेच्या खांबांच्या मधून आम्ही त्या गल्लीत गेलो. काकांच्या घराच्या खिडकीपर्यंत पाणी होतं. समोर धाकटीचं घर नव्हतंच. मागे पडलं ते कुणी बांधलं नव्हतं, नुसती मोकळी जागा, तिच्यावर गढूळ पाणी. बबनने इंजिन बंद केलं.

काका होडीत उभे राहिले. मला वाटलं ते काही तरी म्हणतील, माफी मागतील. त्यांनी हाक मारली. तोंडाभोवती हात धरून, ज्या आवाजात शेतातल्या माणसाला हाक मारतात त्या आवाजात. "काकी! ए काकी! होडी आलीया!"

पाण्यावरून आवाज पलीकडे गेला. कुठून तरी बेडूक ओरडला. आम्ही थांबलो. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग काका खाली बसले. बसले ते अगदी कडेला, फळीवर आपल्या शेजारी एका माणसाची जागा सोडून. बबनने ते पाहिलं आणि होडी इतकी सावकाश वळवली की पाणी हललं नाही. परतताना बबनच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसत नव्हता. मी त्या मोकळ्या फळीकडे पाहायचं टाळत होते. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तरी मी पाय आखडून घेतले, त्या जागेला माझा धक्का लागू नये म्हणून.

काठावर सगळं गाव उभं होतं. काकांनी खाली उतरून मोबाईल माझ्याकडे दिला. "लाव खूण."

"मी नाही लावणार," मी म्हणाले. "तुम्ही लावा, काका."

त्यांची बोटं ओली होती, पडदा ऐकेना. त्यांनी बोट सदऱ्याला पुसलं, पुन्हा दाबलं, पुन्हा पुसलं. तिसऱ्यांदा खूण लागली. पडद्यावर आलं: गावात कोणी राहिलेले नाही. काका शाळेच्या पायरीवर बसले आणि मोठ्याने रडू लागले, घरातलं माणूस गेल्यावर रडतात तसे, गळा काढून. इतक्या वर्षांत त्यांना असं रडताना कुणी पाहिलं नव्हतं. गावातली माणसं एकेक करून जवळ आली. कुणी पाठीवर हात ठेवला, कुणी नुसतंच शेजारी बसलं.

थोरली घोंगडं सावरत उठली. तिने लेकाचं डोकं आपल्या पोटाशी धरलं आणि थोपटलं.

"आली ती," ती म्हणाली. "झालं रं माझ्या बाबा. ऊठ. चल आता घरला."

काकांनी तिच्या लुगड्यात तोंड खुपसलं होतं, तिथूनच त्यांचा आवाज आला. "घर पाण्यात हाय, आये."

"आसू दे," ती म्हणाली. "पाणी काय उद्या उतरंल."